पळसाच्या पानांचा दौलत

दौलत,

परवा तुला अग्नी दिला. तू नव्हतास, म्हणून पळसाच्या पानांचा तू केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, अंगावर तुझं धोतर पांघरलं आणि नदीकाठी नेलं. देह हाती लागला नाही की आपल्याकडे असंच करतात. अख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी हे होऊ दिलं नव्हतं, शेवटी झालं. तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलायलासुद्धा मला भीती वाटते, म्हणून हे लिहायला बसले आहे. तू असतास तर हसला असतास. माझ्या थोरल्या बहिणीला, बाईला, ज्याची भीती वाटत नाही असं जगात काही आहे का, असं विचारलं असतंस.

नाही रे, नाहीच काही. विहिरीची, आगगाडीच्या फाटकाची, मारक्या बैलाची, साऱ्याची मला भीती. त्यातली निम्मी तुझ्यापायी शिकले. आई गेली तेव्हा तू रांगत होतास आणि मी कपाळ पुसून माहेरी परत आलेली. ज्याच्या नावानं माझ्या बांगड्या फुटल्या त्याचा चेहराही मला धड आठवत नव्हता. बाबा पाट लावून माझं दुसरं लगीन करायला तयार होते. मी म्हटलं, मला शाळेत घाला, आणि दौलतला माझ्याजवळ राहू द्या. त्या माणसानं दोन्ही ऐकलं. तेव्हापासून तू बोडीच्या पाण्यात उतरलास की मी काठावर उभी राहून गळा फाटेस्तोवर ओरडायची, आणि तू मुद्दाम बुडी मारून बराच वेळ वर यायचा नाहीस. वर आलास की दात काढायचास. तुझा हा खेळ मला कधीच आवडला नाही, हे तुला तेव्हाही सांगितलं होतं.

लढाईच्या काळात बिरसीला विमानांचं मैदान झालं आणि तू तिथे मुरमाच्या टोपल्या उचलायला जायला लागलास. एकदा मला हट्टानं घेऊन गेलास. आमगावच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती, नवं लुगडं नेसून आले होते, आणि तू मला त्या धुळीतून चालवत नेलंस. तिथल्या कोणा साहेबाला सलाम ठोकून तू परवानगी काढलीस आणि माझा हात धरून विमानाच्या पोटाला लावलास. ते गरम होतं, म्हशीच्या पोटासारखं. मी हात काढून घेतला तर तू म्हणालास, "काऊन भेऊन राह्यली बाई? ते काही चावत नाई." तुझ्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसलं, त्यावरूनच मला कळलं की हा पोरगा आता धानाच्या बांधीत टिकायचा नाही. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. पण खरं सांगू? त्या दिवसाइतकी मी आयुष्यात कधी मिरवले नव्हते. माझ्यासारखीला कोणी कुठं नेत नसे रे. तू नेलंस.

मग तू भरती झालास, इंजिनाचा मिस्त्री झालास. ती लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तुझं भागरथाशी लगीन लावलं आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात काश्मीरची लढाई सुरू झाली.

शिमग्याला रजेवर आलास तेव्हाचं आपलं भांडण अजून तसंच पडून आहे. ओसरीवर बसून तू मजेत सांगत होतास की तुमचं विमान खरं तर माल वाहायचं, बॉम्ब टाकायची सोयच त्यात नाही. म्हणून कमरेला पट्टा बांधून उघड्या दारात उभं राहायचं आणि एकेक बॉम्ब पायानं ढकलून द्यायचा. खाली डोंगर, समोर वारा. तू स्वतः होऊन ते काम मागून घेतलं होतंस. मी म्हटलं, गोंदियात राईस मिल कमी आहेत का, तिथल्या इंजिनांना मिस्त्री नको का? तू म्हणालास, "गाडीतून धानाचं पोतं ढकलतेत तसंच हाय ते. भेव कायचं?"

"मले भेव वाटते," मी म्हटलं.

"तू माह्या वाटचं भेऊन घेतलं बाई. आता माह्यासाठी काही उरलंच नाई."

सगळे हसले. भागरथासुद्धा पदराआड हसली. मी उठून आत गेले आणि दुसऱ्या दिवशी तू निघालास तेव्हा शाळेची सबब सांगून फाटकापर्यंतही आले नाही. तू वळून पाहिलंस की नाही ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तार आली तेव्हा धानाचा रोवणा, लावणी, चालू होती. पोस्टाचा माणूस शेताच्या धुऱ्यावरून चालत आला, आणि बाबांनी चिखलाच्या हातानंच ती घेतली. गावात वाचणारं होतं, पण बाबांनी कोणाला दाखवली नाही. तसेच गोंदियाला आले, गाडी धरून आमगावला माझ्या शाळेच्या दारात उभे राहिले. आमच्या हेडमास्तरांनी ती वाचून मराठीत सांगितली. बेपत्ता आहे, मृत्यू पावल्याचं समजण्यात येतं. बाबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मी मात्र त्या "समजण्यात येतं"ला जी चिकटले ती सुटलेच नाही. समजतात म्हणजे कोणी पाहिलेलं नाही. पाहिलेलं नाही तर जाळायचं कोणाला?

माझ्या हट्टामागे काय होतं ते गावात कोणाला कळलं नाही. तुला सांगते. तिरोड्याकडचा सुखराम तुला आठवणार नाही. तो बर्माच्या लढाईत गेला होता. त्याचीही तार आली, त्याच्या घरच्यांनी पळसाचा देह करून जाळला, तेरावं घातलं. आणि काही वर्षांनी सुखराम चालत गावात आला. बायका पोरं घेऊन घरात पळाल्या. त्याची आई ओट्यावर बसली होती, ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, हे माझ्या लेकाचं रूप घेऊन आलंय. जाणत्यांनी तोड काढली, की एकदा मेलेला माणूस पुन्हा जन्मल्याशिवाय गावात घेता येत नाही. म्हणून त्या मिशीवाल्या बाप्याला न्हाऊ घातलं, पाळण्याला हात लावायला लावला, कानात नाव सांगितलं. एवढं करूनही त्याच्या चुलीचा विस्तव कोणी नेईना. बायकोचा पाट लागून गेला होता, तिच्या कडेवर दुसऱ्याचं लेकरू होतं. तो शेतावर झोपडी करून राहिला. आमगावच्या बाजारात एकदा मला गाठून त्यानं पलटणीचा कागद पुढे केला आणि म्हणाला, "यात मी जिता हाय असं लिवलं हाय ना, बाई?"

लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. त्यानं कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि निघून गेला.

दौलत, तुझी तार आल्यापासून मला डोळ्यांसमोर सुखराम दिसायचा आणि त्याला तुझं तोंड असायचं. तू कुठल्या तरी बर्फातून वाचशील, कोणी गुराखी तुला घरात ठेवून घेईल, मोडलेला पाय बरा झाला की तू निघशील, आणि इकडे आम्ही तुला जाळून मोकळे झालेलो असू. तू मेलास ही भीती मी कशीबशी सोसत होते. तू जिवंत असशील आणि आम्ही तुला मारून टाकू, ही भीती मला जेवू देत नव्हती.

म्हणून बाबांनी भटजींकडे जायचं नाव काढलं की मी सुट्टी काढून आपल्या गावी, दवनीवाड्याला, धावायची आणि भांडायची. कधी म्हणायची, सरकारचं पक्कं पत्र येऊ द्या. कधी म्हणायची, धान निघू द्या. मी चुकले असं अजूनही म्हणत नाही. पण त्या घरात आम्ही तिघं होतो आणि तिघांची भीती वेगवेगळी होती, हे मला उशिरा दिसलं.

भागरथा तुला भीत होती. हो, तुलाच. अग्नी न मिळालेला माणूस घराभोवती फिरतो, असं आयाबाया तिला सांगून गेल्या होत्या. शेजारच्या पोराला ताप आला तेव्हा कोणी तरी आपल्या उंबऱ्यावर मोहऱ्या टाकून गेलं. सांज झाली की ती मागचं अंगण झाडायलाही जाईना. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना, कारण सवाशीण म्हणावं की नाही ते कोणाला ठरवता येईना. तिच्या बापानं निरोप पाठवला होता, इकडचं किंवा तिकडचं काय ते करा, माझी पोर अशी टांगून ठेवू नका. ती स्वतः काहीच बोलत नव्हती. मी तिला विचारलं होतं, तुला काय वाटतं? तर म्हणाली, "मले हातात बांगड्या घालून रडता येत नाई बाई, लोक म्हणतेत अपशकुन करून राह्यली. अन् बांगड्या उतरवता येत नाई."

दिवाळीनंतर तुझा तिकडचा दोस्त प्रीतम आला. गोंदियाला उतरून, दवनीवाडा दवनीवाडा करत, कोणाच्या तरी बैलांच्या खाचरात बसून घरी पोचला. उंच, शांत मुलगा. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठलाच नाही. तुमच्या मागच्या विमानात तो होता. म्हणाला, खालून गोळ्या आल्या, तुमच्या पंखानं पेट घेतला, विमान वळलं आणि डोंगराला लागलं. "दीदी, मैंने अपनी आँखों से देखा. कोई नहीं निकला."

मी त्याच्याशीही भांडले. तो बिचारा दोन दिवसांचा प्रवास करून आलेला, आणि मी त्याला विचारत होते की धूर नव्हता का, ढग नव्हते का, नीट दिसलं का. म्हटलं, दौलत तर उघड्या दारात उभा असायचा ना, मग उडी मारली असेल. तो खाली पाहत म्हणाला की विमानातून उडी मारायची छत्री पाठीला बांधून ते काम करता येत नाही. मी तरी म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही, त्याला भीती ठाऊक नाही, त्यानं काहीतरी केलं असेल.

तेव्हा त्यानं वर पाहिलं. "डरता था, दीदी. सबसे ज़्यादा वही डरता था. उड़ने से पहले हर बार उलटी करता था. फिर मुँह धोकर सबसे पहले चढ़ता था."

बाबा उठून गोठ्यात निघून गेले. मी तिथेच बसून राहिले. तुझा राग आला रे मला, इतका राग कधी आला नव्हता. धानाचं पोतं म्हणे! ओसरीवर सगळ्यांसमोर मला भित्री ठरवलंस, आणि तिकडे कोणाला न सांगता एकटा ओकत होतास? माझ्याजवळ बोलला असतास तर मी काय केलं असतं? रडले असते, तुझे पाय धरले असते, तुला जाऊ दिलं नसतं. तेच तुला नको होतं, हे मला कळतं. तरी बोलायला पाहिजे होतंस. भीतीच्या बाबतीत तरी मी तुझ्या उपयोगी पडले असते.

एवढं ऐकूनसुद्धा मी हो म्हटलं नाही. प्रीतमला गाडीत बसवून आले आणि बाबांना म्हटलं, तो म्हणतो कोई नहीं निकला, पण आत जाऊन कोण पाहून आलं आहे?

बाबांनी मग मला विचारायचं सोडून दिलं. परवा सकाळी मी घरी पोचले तर अंगणात पळसाच्या पानांचा ढीग पडला होता आणि बाबा गुडघ्यांवर बसून काड्या बांधत होते. भटजी पलीकडे पाटावर बसले होते. मी पिशवी टाकली आणि बाबांचा हात धरला.

"बाबा, तो आला तं?" माझीही बोली अशा वेळी गावचीच होते.

बाबांनी काड्या खाली ठेवल्या नाहीत. "मी जिता हाय तवर मले करू दे. मी मेल्यावर त्याले पाणी कोण देईन?"

"अन् आला तं? सुखरामसारखा आला तं?"

"आला तं मी बी त्याच्यासंग गावाबाहेर राहीन. झोपडी बांधीन. मी म्हातारा हाय, मले गाव कायले पाह्यजे?"

त्यांनी आधीच सगळा विचार करून ठेवला होता. मी एकटीच भीत होते असं मला वाटत होतं. मी हात सोडला, पण बाजूला सरकले नाही. तशीच मध्ये उभी राहिले.

बाबांनी तुझे हात जोडले, पाय जोडले, छाती जोडली. शेतकऱ्याचा हात, पेंढी बांधावी तसा गच्च बांधत होते. नारळ ठेवला आणि धोतर पांघरायला घेतलं, तेवढ्यात दाराआडून भागरथा बाहेर आली. सासऱ्यासमोर ती कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती.

"मामाजी, हे आखूड झालं."

बाबा वर पाहायला लागले.

"ते याच्याहून लांब व्हते. माह्यं डोस्कं त्याहीच्या खांद्याले लागत व्हतं." आणि तिनं आपल्या डोक्यावर हात ठेवून, तिथून खांद्याचं आणि मग तुझ्या उंचीचं माप हवेत दाखवलं. हात जिथे थांबला तिथे तिनं पाहिलं आणि तो हात तिला खाली घेता येईना.

दौलत, बाबांनी तुला भरती व्हायच्या वयाचा बांधला होता. त्यांच्या मनात तू तेवढाच होतास. भरती झाल्यावर तू किती वाढलास ते त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. रजेवर यायचास तेव्हा बसलेला नाहीतर जेवलेला नाहीतर निघालेला. मीही पाहिलं नव्हतं. मलासुद्धा तो पानांचा पोरगा बरोबर वाटला होता. तू पुरता केवढा होतास हे त्या अंगणात एकट्या भागरथाला ठाऊक होतं. आणि ती सांगत होती की तुम्ही भलत्यालाच जाळायला निघालात, माझा नवरा याहून मोठा होता, मला तो पुरता पाठवायचा आहे.

तेव्हा मी बाजूला झाले. मीच ढिगातली पानं उचलून बाबांच्या हाती द्यायला लागले. बाबांनी गाठी सोडून पाय पुन्हा बांधले. भागरथा उभी राहून पाहत होती, "अजून थोडं," म्हणत होती. मग म्हणाली, "आता झालं." बांगड्या फोडायला म्हाताऱ्या पुढे आल्या तर तिनं कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः एकेक काढली. मी ठरवलं होतं की तिच्यावर ही वेळ येऊ देणार नाही, माझ्यावर आली ती पुरे. पण ती रडली, मोठ्यानं, तार आल्यापासून पहिल्यांदा, आणि कोणी तिला अपशकुन म्हटलं नाही.

नदीकाठी बाबांनी तुला अग्नी दिला. ओली पानं तडतडली. नारळ फुटला तेव्हा मी किंचाळले. लोकांना वाटलं दुःखानं. मला तुमच्या बॉम्बचा आवाज आठवला होता, जो मी कधी ऐकलेला नाही.

आता कालचं सांगते. सांगायला नको असं वाटतं, पण तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

काल दुपारी मी आमगावला परतले. गाडीतून उतरून फलाटावरून चालले होते, तर पुढे एक माणूस. खाकी कोट, हातात लोखंडी पेटी, एक खांदा किंचित वर उचलून चालणारा. तुझीच चाल. बेपत्ता झाल्यापासून अशी पाठ किती वेळा दिसली असेल आणि प्रत्येक वेळी मी पळत सुटले असेन! काल माझे पाय जागच्या जागी थांबले. मी धानाच्या पोत्यांच्या थप्पीमागे सरकले. आणि मनात पहिला शब्द आला तो "दौलत" नव्हता. "नको" असा होता. देवा, आता नको. पानं जळाली, भागरथाचे हात मोकळे झाले, बाबा परवा पहिल्यांदा पोटभर जेवले. आता याला कुठं ठेवू? लोकांना काय सांगू?

त्या माणसानं मागे वळून हमालाला हाक मारली. तो कोणी परका होता.

मी त्या पोत्यांना धरून बराच वेळ उभी होते. इतके महिने तू येणार नाहीस म्हणून भीत होते, आणि काल तू आलास म्हणून भ्याले. तू गेलास ते तेव्हा कळलं मला. तारेनं नाही, प्रीतमच्या डोळ्यांनी नाही, नदीवरच्या जाळानंही नाही. तू आलास तर नको म्हणणारी मी झाले, तेव्हा कळलं. आणि मग मी रडले, त्या फलाटावर, शाळेतल्या पोरी पाहत असताना. रोज त्यांना धीट व्हा म्हणून सांगणारी त्यांची बाई.

तर ऐक. भागरथाला तिच्या बापानं नेलं आहे. बाबांना मी आमगावला आणते आहे, ते नाही म्हणतात, पण आणीन. गावाच्या लेखी तू आता नाहीस आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण यायचंच झालं तर दवनीवाड्याला जाऊ नकोस. माझ्याकडे ये. दिवसा ये, चार लोकांदेखत ये. मी भिईन, पांढरी पडेन, कदाचित तोंडून "नको" निघेलसुद्धा. तू थांब. मी तुझ्याजवळ येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन, हा माझा भाऊ.

तुझी बाई